खिडकी एक, टेबलं किती?

उद्योगासाठी सरकारी मदत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ती नेमकी कोणाच्या टेबलावर आहे, हे मात्र दर दोन-चार वर्षांनी नव्याने शोधावं लागतं. कार्यालयं एकत्र होतात, पुन्हा फुटतात, पोर्टलचं नाव बदलतं, जुनी फाइल 'सिस्टिमला दिसत नाही'. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं याच गोंधळाबद्दलची आहेत. उत्तरांतले आकडे त्या त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमधले आहेत. नवं आर्थिक वर्ष लागलं की त्यात फेरफार होतात, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू शासन निर्णय एकदा डोळ्यांखालून घालावा.

प्रश्न : कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात काजू प्रक्रिया युनिट टाकायचं आहे. जागा घरची, खर्च साधारण चोवीस लाख. डीआयसीत (जिल्हा उद्योग केंद्रात) 'पीएमईजीपी करा' म्हणाले, कृषी कार्यालयात 'पीएमएफएमई करा', खादी मंडळात 'राज्याची योजना बघा', आणि 'उमेद' या बचत गटांच्या अभियानाच्या ताई म्हणतात 'गटातून घ्या'. अर्ज माझ्या नावावर असेल. मी बचत गटातही आहे. नक्की कुठे जाऊ?
— एक उद्योजिका, सिंधुदुर्ग

उत्तर : चौघांपैकी कुणीही खोटं सांगितलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या योजनेचं सांगितलं. प्रत्येक कार्यालयाला वर्षाचं स्वतंत्र उद्दिष्ट असतं आणि तुमचा अर्ज त्यांच्याकडे पडला तर त्यांचा आकडा वाढतो. तुम्हाला कोणती योजना बरी पडेल, हा हिशेब त्यांच्यापैकी कुणाच्याच कामात बसत नाही. तो इथे मांडू.

काजूच्या धंद्यात मशीनइतकंच खेळतं भांडवल जड असतं. कच्ची बी मार्च ते मे या हंगामात भरून ठेवावी लागते आणि गर विकून पैसे हळूहळू वर्षभर येतात. समजा, चोवीस लाखांची फोड अशी आहे : बॉयलर, कटिंग, ड्रायर, सोलणी, पॅकिंग अशी मशिनरी १४ लाख; शेडचं बांधकाम २ लाख; खेळतं भांडवल ८ लाख.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, २०२२ च्या सूचनांनुसार उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो आणि त्यात खेळतं भांडवल ४० टक्क्यांपर्यंत धरता येतं. तुमचं ३३ टक्के आहे, म्हणजे बसतं. ग्रामीण भागातल्या महिलेला अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. म्हणजे तुमचे १ लाख २० हजार, बँकेची मंजुरी २२ लाख ८० हजारांची, आणि अनुदान ८ लाख ४० हजार.

पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, इथेही ३५ टक्केच देते आणि कमाल मर्यादा १० लाख आहे. पण तिथे अनुदान मशिनरी आणि तांत्रिक बांधकामावरच मिळतं, आणि बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपलीकडे धरत नाहीत. म्हणजे तुमच्या १६ लाखांवर ५ लाख ६० हजार. स्वतःचा वाटा किमान १० टक्के, आणि वरचे आठ लाख बँकेकडून वेगळे, विनाअनुदान. दोन्ही योजनांचा टक्का सारखाच दिसत असला तरी तुमच्या बाबतीत फरक २ लाख ८० हजारांचा पडतो. एकाच युनिटसाठी दोन्हीकडून अनुदान मिळत नाही.

मग पीएमएफएमई कुणाची? ज्यांचं युनिट आधीच चालू आहे आणि मशीन वाढवायचं आहे त्यांची, कारण पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला मिळतं. इथेच बरेच जण अडकतात. मंजुरीआधी मशीन आणून बसवलं, बिल जुन्या तारखेचं निघालं, की युनिट 'नवं' राहत नाही आणि अर्ज बाद होतो. कोटेशन घ्या, इसार देऊ नका.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. रचना बरीचशी पीएमईजीपीसारखीच, राबवणारी कार्यालयंही डीआयसी आणि खादी मंडळ हीच. पण तिथे सुरुवातीला वयाची अट ४५ वर्षांची होती आणि महिलांसह विशेष प्रवर्गाला त्यात पाच वर्षांची सूट होती. केंद्राच्या योजनेचं उद्दिष्ट संपत आलं असेल तर हा रस्ता. उमेदकडून पीएमएफएमईखाली गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं. ते गटांच्या संघामार्फत कर्जरूपाने येतं आणि छोट्या अवजारांना किंवा कच्च्या मालाला पुरतं. चोवीस लाखांच्या युनिटची ती वाट नाही. शेजारणींना घरी बसून सोलणीचं काम द्यायचं असेल तर मात्र त्यांच्यासाठी जरूर बघा.

आता क्रम. पोर्टलवर अर्ज भरण्याआधी बँकेच्या शाखेत जा, नंतर नव्हे. अर्जात शाखा निवडावी लागते, आणि ज्या शाखेच्या सेवाक्षेत्रात तुमचं गावच येत नाही तिथे फाइल गेली की ती दोन महिने पडून परत येते. कागद असे लागतात : प्रकल्प अहवाल, जीएसटी क्रमांक असलेली कोटेशनं, ग्रामीण भागाचा दाखला, जागेचा उतारा आणि घरातल्या इतरांचं संमतिपत्र, आणि आठवी पासची गुणपत्रिका, कारण उत्पादन प्रकल्प १० लाखांच्या वर गेला की ती अट लागते. १० लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नसतं. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या पतहमी निधीची हमी घेता येते. घराचा उतारा गहाण मागितला तर हमीचा पर्याय का नको, ते लेखी विचारा.

प्रश्न : पीएमईजीपीतून पावडर कोटिंगचं युनिट टाकलं. कर्ज २० लाखांचं, हप्ता एकही चुकला नाही. तीन वर्षं पूर्ण होऊनही बँक अनुदान कर्जखात्यात जमा करत नाही. 'केंद्राच्या खादी आयोगाकडून आलं नाही' म्हणते. राज्याचं खादी मंडळ म्हणतं 'आमचं काम संपलं'. आता कुणाला धरायचं?
— संगमनेर

उत्तर : अनुदान बहुतेक तुमच्याच शाखेत पडून असणार. पहिला हप्ता उचलला की बँक ते मागवते आणि तुमच्या नावाच्या मुदत ठेवीत, म्हणजे टीडीआरमध्ये, तीन वर्षं ठेवते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावतही नाही. आधी हे तपासा : शाखेकडून टीडीआरची तारीख आणि रक्कम लेखी मागा. तेवढ्या कर्जावर तुम्हाला व्याज लागलेलं दिसलं तर तो वेगळा दावा होतो, आणि ती रक्कम बारीक नसते.

जमा न होण्याची कारणं ठरावीक असतात. सगळ्यांत नेहमीचं म्हणजे प्रत्यक्ष पडताळणी झालेलीच नसते. तीन वर्षांनंतर युनिट चालू आहे, मशीन जागेवर आहे, दारावर योजनेचा फलक आहे, हे बघायला माणूस यावा लागतो. ते काम बाहेरच्या संस्थेला दिलेलं असतं आणि तिच्या यादीत तुमचं नाव शाखेने टाकलेलं नसतं. दुसरं म्हणजे युनिट भाड्याच्या दुसऱ्या गाळ्यात हलवलेलं असतं आणि कुणाला कळवलेलं नसतं. पडताळणीचा माणूस जुन्या पत्त्यावर जातो, कुलूप बघतो, 'बंद' लिहून मोकळा होतो.

तिसरं कारण कुणी आधी सांगत नाही, आणि तेच सर्वांत महागात पडतं. वीस लाखांत कॅश क्रेडिटचा, म्हणजे लागेल तसं उचलायच्या खेळत्या भांडवलाचा, भाग किती होता ते काढा. नियम असा आहे की तीन वर्षांत एकदा तरी कॅश क्रेडिटची पूर्ण मर्यादा वापरलेली असली पाहिजे आणि एकूण वापर ७५ टक्क्यांच्या खाली गेलेला नसावा. समजा सहा लाखांची मर्यादा होती आणि तुम्ही काटकसरीने कधीच तीन लाखांच्या वर गेला नाहीत, तर न वापरलेल्या भागाच्या प्रमाणात अनुदान बँकेने कापून परत पाठवायचं असतं. शिस्तीने चालणारा माणूसच इथे सापडतो. फाइल मोठी दिसावी म्हणून खेळतं भांडवल फुगवून लिहिणारे एजंट असतात; त्यांचा टक्का मंजुरीच्या दिवशी सुटतो, आणि ही कात्री तीन वर्षांनी लागते. ज्यांची तीन वर्षं अजून व्हायची आहेत त्यांनी हंगामात एकदा मर्यादा पूर्ण उचलावी. मर्यादा लागतच नसेल तर ती मंजुरीच्या वेळीच कमी करून घ्यावी.

धरायचं तर आधी शाखा व्यवस्थापकाला. अर्जात तीनच गोष्टी मागा : टीडीआरचा तपशील, पडताळणीच्या यादीत नाव गेल्याची तारीख, आणि कॅश क्रेडिट खात्याचा तीन वर्षांचा उतारा. पोच घ्या. एक प्रत जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला आणि एक खादी आयोगाच्या विभागीय कार्यालयाला. तीस दिवसांत शाखेकडून उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शाखेला दिलेल्या अर्जाची पोच तिथे लागतेच.

प्रश्न : उद्यम नोंदणीचं 'नूतनीकरण' करून देतो म्हणून एकाने दोन हजार घेतले. दरवर्षी करावं लागतं का?
— इचलकरंजी

उत्तर : नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्राकडची नोंद, १ जुलै २०२० पासून आहे, मोफत आहे, आणि तिला मुदत नसते. आधार आणि पॅन हाताशी असलं की मोबाइलवरही होते. गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे आयकर व जीएसटीच्या नोंदींतून आपोआप घेतले जातात. पत्ता किंवा व्यवसाय बदलला तर तेवढी दुरुस्ती तुम्ही करायची. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत : सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी, लघुसाठी २५ आणि १०० कोटी, मध्यमसाठी १२५ आणि ५०० कोटी. गुंतवणूक किंवा उलाढाल, दोहोंपैकी एक जरी ओलांडली तरी वरच्या वर्गात जाता. तुमच्या प्रमाणपत्रावर कोणता वर्ग आलाय तो बघून घ्या, कारण पुढच्या उत्तरातले हक्क त्यावर अवलंबून आहेत.

प्रश्न : चाकणला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. चेन्नईच्या एका कंपनीकडे ७ लाख ४० हजार आठ महिन्यांपासून अडकलेत. करारात ९० दिवस लिहिलंय. पूर्वी उशिरा आलेल्या पैशांसाठी एकच परिषद होती, आता विभागवार झाल्या म्हणतात. दावा पुण्यात करायचा की चेन्नईत? आणि करून काही होतं का?
— एक वर्कशॉपचालक

उत्तर : पुण्यात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १८ नुसार पुरवठादार जिथे आहे तिथल्या सुविधा परिषदेला भारतातल्या कुठल्याही खरेदीदाराविरुद्धचा दावा ऐकता येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा.

करारातले ९० दिवस विसरा. लेखी करार असला तरी कायदा ४५ दिवसांपलीकडे जाऊ देत नाही. करार नसेल तर १५ दिवस. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नसेल तर माल स्वीकारला असंच धरतात. म्हणजे आठ महिन्यांनी सुचलेलं 'वेल्डिंग बरोबर नव्हतं' टिकायला अवघड. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. बँक दर ५.७५ टक्के धरला तर व्याज १७.२५ टक्के, तुमच्या रकमेवर पहिल्याच महिन्याचे सुमारे १०,६०० रुपये होतात.

दावा टिकतो तो कागदांवर. पर्चेस ऑर्डर, उद्यम क्रमांक छापलेलं बिल, ई-वे बिल, आणि समोरच्या स्टोअरचा शिक्का असलेलं डिलिव्हरी चलन. हा शिक्का फार मोलाचा. ड्रायव्हरच्या हातात चलनाची एक प्रत आणि 'शिक्का घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही' एवढी सूचना, यावर पुढे परिषदेतला अर्धा वाद मिटतो. सोबत त्यांच्या अकाउंट्स विभागाने थकबाकी मान्य केल्याचा एखादा ईमेल. तो नसेल तर आजच 'लेजर कन्फर्म करा' असा साधा मेल टाका. भांडणाची भाषा नको.

दावे कुठे पडतात? उद्यम नोंदणी पुरवठ्यानंतर केलेली असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावर कडक भूमिका घेतली आहे, म्हणून नोंदणी मालाच्या आधीची असणंच सुरक्षित. तुम्ही मध्यम वर्गात गेलेले असाल तरीही, कारण हा हक्क सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांनाच आहे. आणि तुम्ही नुसतं घेऊन विकत असाल तरीही : व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जापुरती.

परिषद आधी समेट घडवून बघते, नाही जमलं तर लवाद म्हणून निवाडा देते. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे धरूनच चाला. विभागवार परिषदा करण्याचा हेतू हा साचलेला ढीग फोडण्याचा. पण नव्या परिषदेलाही सदस्यांची गणसंख्या लागते आणि महिन्यात बैठक किती वेळा होते त्यावर सगळं अवलंबून. तुमची फाइल जुन्या परिषदेतून नव्या परिषदेत गेलेली असेल तर नव्या कार्यालयात जाऊन क्रमांक आणि पुढची तारीख स्वतः खात्री करून घ्या. नोटीस जुन्या पत्त्यावर निघाल्याने एकतर्फी झालेल्या तारखा कमी नाहीत.

निवाडा विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला न्यायालयात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे बऱ्याच कंपन्या समेटाच्या टप्प्यावरच बोलायला येतात.

परिषदेआधी एक स्वस्त उपाय आहे. ४३-बी (एच) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयकराच्या तरतुदीमुळे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. फेब्रुवारीच्या सुमारास कंपनीच्या वित्त विभागाला उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि थकीत बिलांची यादी पाठवा. खरेदी विभागाला पाठवून उपयोग नाही, त्यांना कराशी देणंघेणं नसतं.

प्रश्न : मी तालुका उद्योजक संघटनेचा पदाधिकारी आहे. डीआयसी, खादी मंडळ, कृषी, उमेद, मागासवर्गीय विकास महामंडळं आणि कौशल्य विकास यांची मदत एका छताखाली आणायचा प्रस्ताव जिल्ह्यात चर्चेत आहे. आमच्याकडून सूचना मागवल्यात. काय मागावं? आणि हे टिकतं का?
— विदर्भातून

उत्तर : 'एक छत' ही कल्पना नवी नाही. डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणात जाहीर होऊन मे १९७८ मध्ये सुरू झालेलं जिल्हा उद्योग केंद्र म्हणजे नेमकं हेच होतं. उद्योजकाने राजधानीत हेलपाटे घालायचे नाहीत. महाव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली कर्ज, कच्चा माल, यंत्रसामग्री, विपणन अशी कामं वाटून घेतलेले सात व्यवस्थापक, सगळे जिल्ह्यात. पुढे नव्या योजना आल्या त्या आपापली कार्यालयं घेऊन आल्या. खादीची वेगळी, महामंडळांची वेगळी, अन्नप्रक्रिया कृषी खात्याकडे, बचत गट ग्रामविकासाकडे. प्रत्येक निर्णयाला त्या वेळी कारण होतं. एकत्र करून मात्र कुणी पाहिलं नाही.

योजना एकत्र करून भागतं का? २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम मिळून पीएमईजीपी झाली. नाव एक झालं, पोर्टलही पुढे एक झालं. पण राबवणाऱ्या यंत्रणा खादी आयोग, खादी मंडळ आणि डीआयसी अशा तीन राहिल्या आणि उद्दिष्टंही तीन. उलट उदाहरण याच योजनेतलं : जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची कार्यबल समिती अर्ज छाननीसाठी बसायची, आणि ती बसेपर्यंत अर्ज थांबायचे. २०२० मध्ये ती पायरी काढून अर्ज थेट बँकेकडे पाठवायला सुरुवात झाली. कार्यालयाच्या भिंती न हलवता एक टप्पा कमी झाला, आणि अर्जदाराला त्याचा फायदा नव्या इमारतीपेक्षा जास्त.

बाहेरचा एक दाखला अभ्यासण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात 'बिझनेस लिंक' नावाची सल्ला केंद्रं उभी राहिली. २००५ मध्ये ती प्रादेशिक विकास संस्थांकडे दिली. तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या उद्योग मदतीच्या योजना ३,०००च्या घरात होत्या. त्या २०१० पर्यंत शंभरावर आणायचं २००६ मध्ये ठरलं. सल्लागाराचं काम तीन शब्दांत बांधलं : माहिती, निदान, जोडणी. म्हणजे त्याने स्वतः सल्ला विकायचा नाही, गरज ओळखून योग्य ठिकाणी पोहोचवायचं. कल्पना चांगली होती. पण सरकार बदललं, नोव्हेंबर २०११ मध्ये प्रादेशिक सल्लासेवा बंद होऊन संकेतस्थळ आणि फोन हेल्पलाइन राहिली, आणि मार्च २०१२ अखेर प्रादेशिक संस्थाच गेल्या. काही काळातच त्याच जागी स्थानिक भागीदारी मंडळांची 'ग्रोथ हब' उभी करावी लागली, आणि एप्रिल २०२४ पासून त्या मंडळांची कामं स्थानिक प्रशासनांकडे वळवली. दर वेळी नवी पाटी लागली, आणि कोणत्या कारखान्याला काय अडचण आहे हे ठाऊक असलेली माणसं दर वेळी विखुरली.

म्हणून सूचनांमध्ये इमारतीबद्दल एक ओळ पुरे. बाकी जोर इथे द्या.

पहिली मागणी एकाच प्रकरण क्रमांकाची. माणूस कोणत्याही टेबलावरून आत आला तरी त्याला एक क्रमांक मिळावा आणि बँकेपर्यंत तोच चालावा. आज पोर्टलचा आयडी वेगळा, कार्यालयाचा इनवर्ड वेगळा, बँकेचा वेगळा; फाइल कुठे आहे हे सांगता येत नाही त्याचं मूळ इथे आहे.

दुसरी, पहिल्या भेटीची पद्धत. दारात बसलेल्या माणसाने योजना विकायच्या नाहीत, आठ-दहा प्रश्न विचारायचे : उद्योग नवा की चालू, जागा कुणाच्या नावावर, वीज किती एचपी, खेळतं भांडवल किती, सिबिल कसं, घरात आधी कुणी अनुदान घेतलंय का, वय, शिक्षण, प्रवर्ग. एवढ्यावरून वरच्या काजूच्या प्रश्नासारखा हिशेब अर्ध्या तासात मांडता येतो. दोन योजनांची तुलना लिहून अर्जदाराच्या हातात कागद द्यायचा.

तिसरी मागणी सर्वांत अवघड, आणि तिच्यावरच अडून बसा : माणसं कुणाची? या एका छताखालच्या कक्षात पाच खात्यांचे पाच जण प्रतिनियुक्तीवर बसवले आणि त्यांचे गोपनीय अहवाल मूळ खात्यातच लिहिले जात राहिले, तर ते मूळ खात्याचं उद्दिष्टच पुरं करणार. सीआर लिहिणारा बदलला नाही तर खुर्च्या जवळ आणून काही होत नाही. निदान कक्षप्रमुखाचा अभिप्राय त्यात बंधनकारक करून घ्या. आणि सहीचे अधिकार : ज्याची सही लागते तो अधिकारी आठवड्यातून ठरलेल्या वारी तिथे बसेल किंवा अधिकार लेखी प्रदान करेल. ते नसेल तर कक्ष नुसती टपालपेटी होतो.

चौथी, बँकेमागचा पाठपुरावा. पीएमएफएमईमध्ये जिल्हा संसाधन व्यक्तीला, म्हणजे अर्जदाराला मदत करायला नेमलेल्या माणसाला, प्रत्येक प्रकरणामागे २० हजारांपर्यंत मानधन आहे : अर्धं कर्ज मंजूर झाल्यावर आणि अर्धं परवाने, नोंदणी, प्रशिक्षण पूर्ण होऊन युनिट उभं राहिल्यावर. अर्ज भरल्याचे पैसे नाहीत, हे त्या रचनेतलं शहाणपण. तुमच्या कक्षातही 'किती प्रस्ताव बँकेकडे पाठवले' हा आकडा मोजूच देऊ नका. मार्चअखेर रद्दीसारखे प्रस्ताव शाखांवर ढकलले जातात ते याच आकड्यापायी, आणि मग शाखा व्यवस्थापक चांगला प्रस्तावही त्याच नजरेने बघतो. मोजायचं ते असं : वितरण झालेली प्रकरणं, नाकारलेल्यांची कारणवार यादी, आणि बारा महिन्यांनी वीजबिल येत असलेली युनिटं. एका पाठपुरावा अधिकाऱ्याकडे पन्नास-साठांहून जास्त चालू फायली असतील तर तो फोनसुद्धा करत नाही, असं धरून चाला.

पाचवी, स्थलांतराचा काळ. कक्ष सुरू होण्याआधी प्रत्येक कार्यालयाने प्रलंबित फायलींची यादी सहीनिशी द्यावी : अर्जदार, टप्पा, शेवटची तारीख, कोणाकडे अडली. जुने फोन आणि खिडक्या निदान सहा महिने चालू राहाव्यात. टीडीआरमधली तीन वर्षांची प्रकरणं या यादीत हटकून राहून जातात, कारण ती 'पूर्ण' म्हणून बंद केलेली असतात. ती वेगळी मागून घ्या. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सगळं एकवटल्यावर सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या तालुक्याचं काय? ठरलेल्या वारी तालुक्याला बसणं कागदावर आलं पाहिजे, शिबिर नव्हे. शिबिरात सत्कार होतात, फाइल पुढे सरकत नाही.

टिकतं का, याचं उत्तर पैशावर अवलंबून आहे. जिल्हा नियोजनाच्या निधीतून एक-दोन वर्षं भागेल. पुढची पदं आणि पगार कोणत्या लेखाशीर्षातून, हे मंजुरीच्या पत्रातच विचारा. आणि दिरंगाईला दात हवेत : कक्षातून मिळणारे दाखले आणि पात्रता प्रमाणपत्रं २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत का ते तपासा, नसतील तर तशी मागणी करा. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बँकेची कर्जमंजुरी या कायद्यात येत नाही. तिच्यासाठी नकार कारणासह लेखी मागणं आणि जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत प्रकरण क्रमांकानिशी यादी ठेवणं, हाच मार्ग. त्या बैठकीला उद्योजक संघटनेचा एक प्रतिनिधी निमंत्रित असावा, हेही सूचनांमध्ये टाका.